त्यानं मागितलेले दोन दिवस

आई, काल तुमची तेरवी झाली. घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर मंडप टाकला होता. नरखेडकडून तुमच्या गावची माणसं दोन गाड्या करून आली होती. जेवून उठलेला प्रत्येक जण माझ्याजवळ येऊन तेच सांगत होता, सासू-सून असाव्या तर अशा. सुनेला फौजेत अफसर केलं, नात सांभाळली, कधी तोंडातून वाकडा शब्द काढला नाही. शेजारच्या काकू तर माझे दोन्ही हात धरून रडल्या. म्हणाल्या, "मायलेकीवानी होत्या वं तुम्ही दोघी." मी हो म्हटलं.

वाकडा शब्द काढला नाही! तुम्ही ऐकलं असतं तर पदर तोंडावर घेऊन हसला असता. आठ वर्षं तुम्ही दुसरं काय काढत होता? आणि मी तरी कुठे गप्प बसत होते? या घरात आपण दोघी एकमेकींना जे बोललो ते काल मंडपातल्या माणसांनी ऐकलं असतं तर अर्धी माणसं न जेवता उठली असती.

म्हणून लिहितेय. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. आपण दोघींनी ही गोष्ट एकदाही न भांडता शेवटपर्यंत सांगितलेली नाही.

प्रमोद स्वराच्या दुसऱ्या वाढदिवसाला सुट्टीवर आला होता. तुमचा धाकटा, माझा नवरा, फौजेत नायक. जायच्या आदल्या दिवशी आमचं भांडण झालं. कशावरून ते आज मला आठवत नाही, इतकं ते किरकोळ होतं. दुपारी तो म्हणाला, "युनिटला फोन करून दोन दिवस वाढवून मागू का?" मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "जा. दिवाळीला ये जास्त दिवस." संध्याकाळी तो बागेत तुमच्याकडे आला तेव्हा तुम्हीही म्हणालात, थांब गा दोन दिवस. तर तो म्हणाला, "प्रणाली जा म्हणते." हसत म्हणाला असेल. तो तसाच होता. पाच दिवसांनी पहाडात त्यांची गाडी दरीत गेली.

तिरंग्यात गुंडाळून त्याला गावात आणलं. सगळा तालुका लोटला होता. मी ओसरीवर बसले होते, स्वरा माझ्या मांडीवर केळ खात होती. तुम्ही रडत नव्हता. बायका तुम्हाला रडवायचा प्रयत्न करत होत्या. आणि तुम्ही माझ्याकडे बोट करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "त्यानं दोन दिवस मागतले होते. हिनं नाही देल्ले."

त्या वाक्यानंतर मला गावात राहणं शक्य नव्हतं. प्रमोदनं नागपुरात हुडकेश्वरला बांधायला घेतलेलं घर अर्धवट होतं, खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. मी पोरीला घेऊन तिथं राहायला आले. तुम्ही आला नाहीत. महिन्यातून एकदा मोठ्या भाऊजींच्या, विनोदभाऊंच्या हातून संत्री पाठवायचा, त्यातही स्वराचा वाटा वेगळ्या पिशवीत बांधलेला.

दीड वर्षानं प्रमोदच्या युनिटचे एक साहेब भेटायला आले. चहा पिताना म्हणाले, फौजीच्या विधवेला अफसर होता येतं, पदवी आहे, वय बसतं, परीक्षा द्या. मी दिली. मुलाखतीला गेले. निवड झाली. चेन्नईच्या अकादमीत अकरा महिने ट्रेनिंग. ते पत्र घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही बागेत पाणी सोडत होता. पत्र हातात घेतलं नाहीत.

"एक गेला," म्हणालात. "आता तू बी जा."

"मी मरायला नाही चालले."

"आन लेकरू? त्याले काय करू? दोरीवर वाळत घालू?"

मी म्हटलं, माझ्या आईकडे उमरेडला ठेवीन. तुम्ही पंप बंद केलात. इतकी शांतता झाली की मला वाटलं, आता हात उचलाल. "प्रमोदची पोट्टी दुसऱ्याच्या घरी वाढनार नाही," म्हणालात. आठवड्याभरात तुम्ही एक ट्रंक आणि तुमची पितळी कळशी घेऊन हुडकेश्वरला आलात. ज्या बागेतलं एकेक कलम तुम्ही स्वतः उभं राहून लावून घेतलं होतं, ती विनोदभाऊंच्या हवाली केलीत. हे तुम्ही केलंत. हे मी आज मान्य करते, आणि तेव्हाही मनात करत होते. पण तुम्ही उंबऱ्यातच जे बोललात त्यानं आभार मानायची माझी वाट बंद झाली. "आयकून ठेव," म्हणालात. "जे लेकरू मी वाढवीन ते माहं."

मी निघाले त्या दिवसाची युक्ती माझी होती. लोकांना वाटतं तुमची. स्वरा चार वर्षांची होती, मला बॅग भरताना पाहून दोन दिवस माझा पदर सोडत नव्हती. मीच म्हटलं, तुम्ही हिला सीताबर्डीच्या बाजारात न्या, चपला घेऊन द्या, तोवर मी जाते. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि पोरीला कडेवर घेऊन निघालात. दुपारी दोन वाजता मी काळी ट्रंक ऑटोत टाकली आणि स्टेशनवर गेले.

तिसऱ्या दिवशी अकादमीतून फोन करायला मिळाला. स्वरा कशी आहे, इतकंच मी विचारलं होतं. तुम्ही सांगायला सुरुवात केलीत. "घरी आली, नवी चप्पल दाखवाले तुले शोधून राहिली. पलंगाखाली पाह्यलं. न्हाणीत पाह्यलं. मंग म्हने मम्मी लपली. हसली. पडद्यामागं पाह्यलं. मंग पाण्याच्या ड्रमचं झाकन काढून त्याच्यात पाह्यलं." मी म्हटलं, "आई, बस." तुम्ही म्हणालात, "बस काहून? आयक नं. मंग गेटपाशी जाऊन बसली. पाच वाजतापासून सात वाजेपर्यंत. मी नाही उठवलं. तिले समजू देल्लं."

माझ्यामागे फोनसाठी रांग होती. मला रडता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पळताना मी मागे पडले. आम्हाला पळवणाऱ्या उस्तादाला माझी गोष्ट माहीत होती. तो सायकलवरून शेजारी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बच्ची को छोडके आई है ना? तो अब दौड." मी धावले. तो माणूस आणि तुम्ही एकमेकांना कधी भेटला नाहीत, पण अकरा महिने मला तुमचे दोघांचे आवाज एकच वाटत होते. खरं सांगते, त्यांनीच मला पास केलं. दयेनं बोलणाऱ्या माणसांच्या आधारावर मी तिथं आठवडाभर टिकले नसते.

रविवारी फोन मिळायचा. तुम्ही म्हणायचा, पोट्टी खेळून राहिली. झोपली. नाही म्हणते. एकदा मी चिडून म्हटलं, जबरदस्तीनं आणा तिला फोनवर. तुम्ही आणलंत. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "स्वरा, मी मम्मी." ती म्हणाली, "माय, हे कोनी बाई हाये." तुम्हाला ती माय म्हणायला लागली होती. हे मला तेव्हा कळलं. मी त्यानंतर दोन रविवार फोनच केला नाही. तुम्हाला शिक्षा म्हणून. शिक्षा कुणाला झाली ते तुम्ही मला नंतर सांगितलंतच: दोन्ही रविवारी ती फोनजवळ बसून होती.

पासिंग आउटला तुम्ही आलात. हे मला वाटलं नव्हतं. नागपूर ते चेन्नई, रेल्वेनं, पाच वर्षांच्या पोरीला घेऊन, हिरवं लुगडं नेसून. परेड झाल्यावर घरच्यांनी खांद्यावर स्टार लावायचे असतात. एका खांद्यावर तुम्ही लावलात. तुमचे हात थरथरत नव्हते. दुसऱ्या खांद्यासाठी मी खाली वाकले, स्वरा समोर उभी होती, केस अगदी बारीक कापलेले. मी दोन्ही हात पसरले. तिनं टाचा जुळवल्या आणि मला सॅल्यूट ठोकला.

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. कुणीतरी फोटो काढला आणि तो कुठल्या कुठे गेला. आजही लोक मला तो पाठवतात, खाली हृदयं टाकून. त्या फोटोत माझे हात तसेच पसरलेले आहेत, ते कुणाला दिसत नाहीत.

"मी शिकवलं," तुम्ही म्हणालात. "म्हटलं, मम्मी साहेब झाली, सलाम कर."

"माझ्याजवळ यायला नाही शिकवलंत?"

"थे शिकवा लागते का?"

मग मी विचारलं, केस का कापले. तुम्ही सहज सांगितलंत, ताप होता, नऊ दिवस दवाखान्यात होती, प्लेटलेट उतरल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी. मी तिथेच, त्या हिरवळीवर, नव्या गणवेशात तुमच्यावर ओरडले. मला का नाही सांगितलं? तुम्ही लाडवाचा डबा उघडत होता. "सांगून काय होत होतं? आली असती त अफसर झाली नसती. मंग जलमभर मले म्हनली असती, तुमच्याच्यानं झाली नाही." मी आले असते, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "आन नसती आली त? मंग थे पोट्टीले काय सांगतलं असतं मी?"

 नंतर नऊ वर्षांच्या पोरीला सोडून मी समुद्रापार गेले तेव्हा तुम्हाला याचं उत्तर मिळालं.

पण त्याआधीचं एक. ती सात वर्षांची असताना मला जरा बरी पोस्टिंग मिळाली, छावणीत क्वार्टर होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला घेऊन गेले. मोठ्या उमेदीनं भिंतीला गुलाबी रंग दिला होता. तिनं बावीस दिवस काढले. रोज विचारायची, माय कधी येणार. जेवेना. वरण पातळ का, भाकर जाड का, इथं चिंच का नाही. बाविसाव्या दिवशी ताप चढला आणि मी हार मानून तुम्हाला फोन केला. तुम्ही दुसऱ्या दिवशी दारात. आत येऊन पाणी प्यायच्या आधी म्हणालात, "पाह्यलं?" आणि ती, जी दोन दिवस अंथरुणातून उठत नव्हती, ती पळत येऊन तुमच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवत माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेसाठी मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही, असं मी तेव्हा ठरवलं होतं. अजून बदललेलं नाही.

पुढच्या वर्षी एकदा मी न कळवता सुट्टीवर आले. विमानतळावरून सरळ तिच्या शाळेवर गेले. शाळा तीनला सुटते. मी एकला पोचले तर गेटसमोर, नाल्याच्या कठड्यावर, तुम्ही डोक्यावर ओला रुमाल टाकून बसलेल्या. नागपूरचं एप्रिलचं ऊन. चौकीदार मला म्हणाला, आजी रोजच एवढ्या लवकर येतात. गेट उघडल्यावर पोरीला पहिली आपली माणसं दिसली पाहिजेत, बाकीच्यांच्या आया पुढे उभ्या राहतात, म्हणून जागा धरतात. मी लांब झाडाखाली दोन तास उभी राहिले. गेट उघडलं. स्वरानं तुम्हाला पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. ज्याची खात्री असते त्याच्याकडे पाहतात तसं तिनं पाहिलं आणि दप्तर तुमच्या हातात दिलं. त्या दिवशी मी तुमचे पाय धरायला हवे होते. मी पुढे येऊन काय म्हटलं, आठवतं? "उन्हात बसून आजारी पडाल, मग तिचं कोण करणार?"

आफ्रिकेतल्या शांतिसेनेसाठी नावं मागवली तेव्हा मी माझं नाव स्वतः दिलं. तुम्हाला सांगितलं, हुकूम आला. तुम्ही चुलीवरची, म्हणजे गॅसवरची, कढई उतरवलीत. गॅसला तुम्ही शेवटपर्यंत चूलच म्हणत होता.

"नाव तूच देल्लं न?"

मी फडकं उचलून ओटा पुसायला लागले.

"काहून? इथं काय टोचून राहिलं तुले?"

मी म्हटलं, तिथल्या बायकांना बायका अफसर लागतात, पुरुषांशी त्या बोलत नाहीत, त्यांच्यावर काय काय गुदरलंय तुम्हाला कल्पना नाही. सगळं खरं होतं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "लेकरू झालं का बाईले सारे मोकळी झाली म्हनते. तूच एक पाह्यली, जनून खरीच मोकळी झालेली."

तेव्हा मी ते बोलले. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं. "प्रमोदला फौजेत कुणी घातलं? मी? अठरा वर्षांच्या पोराला पहाटे उठवून बांधावरून कोण पळवत होतं? भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घेऊन कोण बसत होतं? भरतीला त्याचा हात धरून तुम्ही नेलंत. त्याला शेती करायची होती, आई. मला त्यानं सांगितलं होतं. मी दोन दिवस नाही दिले. तुम्ही तर अख्खा पोरगा दिलात."

उतरवलेल्या कढईतलं तेल निवत आलं होतं. स्वरा आतल्या खोलीत अभ्यास करत होती, तिनं ऐकलं. तुम्ही खाली बसलात. त्यानंतर मी निघेपर्यंत, पंधरा दिवस, तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. निघताना स्वरा गेटवर उभी होती. रडली नाही. "जा," म्हणाली, अगदी शेजाऱ्याला म्हणावं तसं.

इथं काय टोचतं, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आज देते, कारण आता तुम्ही ते माझ्यावर उलटवू शकत नाही. माझ्याच घरात माझी पोर दुसऱ्या बाईला माय म्हणते आणि मला मम्मी, जसं एखाद्या दुकानाचं नाव घ्यावं, ते मला सहन होत नव्हतं. दर सुट्टीत येऊन पाहुणीसारखं दिवाणावर झोपणं सहन होत नव्हतं. मी त्या बायकांसाठी गेले हे खरं. पण नाव देताना माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही दोघी होता, आणि तुमच्या-माझ्यामध्ये समुद्र येणार याचा मला आनंद झाला होता.

तिथं आम्ही गावोगाव जायचो. पावसानं रस्ते बुडलेले, गाड्या चिखलात. बायका पाण्यासाठी कोसभर चालायच्या, वाटेत त्यांच्यावर हल्ले व्हायचे, म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर चालायचो. दवाखान्याचं शिबिर भरवायचो. एका शिबिरात एका आईनं तिचं बाळ माझ्याकडे दिलं, ती औषधाच्या रांगेत गेली. बाळ माझ्या दंडावर झोपलं. आमच्यापैकी कुणीतरी फोटो काढला. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. का टाकला? चांगली दिसत होते म्हणून.

तुम्हाला टाइप करता येत नव्हतं. स्वरानं बटण दाबून दिलं असेल. तुमचा आवाज आला: "बरं हाये वं. लेकरू धरता येते तुले."

इतकंच. सात सेकंद. ते मी किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. मी तीन आठवडे घरी फोन केला नाही. तुम्हाला मेसेज जात होता, कामात आहे.

त्याच तीन आठवड्यांत तुम्ही दवाखान्यात गेलात. पोटात गाठ निघाली, पसरलेली. विनोदभाऊंना तुम्ही शपथ घातलीत की हिला सांगायचं नाही. त्यांनी तीन आठवड्यांनी ती मोडली. फोनवर म्हणाले, "प्रणाली, डॉक्टर म्हणते सहा महिने. पन मले नाही वाटत." आमच्या कमांडिंग ऑफिसरनं मला बोलावून विचारलं, जायचंय का, सोडतो. मी व्हिडिओ कॉल लावला. तुमचा चेहरा मुठीएवढा लहान झाला होता. मी म्हटलं, येते.

"ये नको," तुम्ही म्हणालात. "इथं काय हाये? मरून राहिली मी. थे काय पाहाची गोष्ट हाये?"

आई, तुम्ही ते कशासाठी म्हणालात, मला माहीत नाही. मनापासून म्हणालात, की तरीही मी येते का ते पाहायला म्हणालात. मी विचारलं नाही. मी तो हुकूम मानला, कारण तो सोयीचा होता. आयुष्यात तुमचं एकच म्हणणं मी मुकाट्यानं ऐकलं, ते हे. दोन महिने उरले होते, ते पूर्ण केले, मेडल लावून घेतलं आणि मग आले.

एकोणीस दिवस मिळाले. मी आल्यावर तुम्हाला आंघोळ घालायला गेले, तुम्ही पाय आखडून घेतलेत. "तू नको. स्वराले पाठव." दहा वर्षांची पोर तुमच्या पाठीवर तांब्यानं पाणी घालायची, लुगड्याच्या निऱ्या करून द्यायची, वाटीतली पेज फुंकून भरवायची. तिला सगळं येत होतं. मी दारात टॉवेल घेऊन उभी. एकदा मी तिला म्हटलं, तू दमलीस, मी करते. ती म्हणाली, "तुले नाही माहीत तिले कुठं दुखते." भांडून म्हणाली नाही. माहिती दिली.

पंधराव्या दिवशी दुपारी ती शाळेत गेली होती. तुम्ही मला हाक मारलीत. नावानं. मी धावत आले, पलंगाशी खाली बसले. मला वाटलं, आता काही बोलाल. माणसं शेवटी बोलतात असं ऐकलंय. तुमचे ओठ सुकले होते, मी चमच्यानं पाणी दिलं, ते तुम्ही माझ्या हातून घेतलंत. आणि म्हणालात, "त्याले दोन दिवस थांबू देल्लं असतं त."

मी चमचा वाटीत ठेवला. मरणाऱ्या माणसापुढे गप्प बसावं हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "आणि तुम्ही भरतीला नेलं नसतं तर."

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात.  मग म्हणालात, "हो."

बस, हो. दुसऱ्या दिवसापासून तुमची वाचा गेली. त्या 'हो'चा अर्थ विचारायला मला वेळ मिळाला नाही. तुम्ही मान्य केलंत? की मला गप्प केलंत? की दोघींच्या पदरात अर्धं अर्धं टाकलंत? चार दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, तुम्ही गेलात. स्वराच्या हातात चमचा होता. मी गेटपाशी होते, युनिटशी फोनवर बोलत होते, रुजू कधी होऊ ते विचारत. आतून तिचा आवाज आला. ती रडली नाही, ओरडली नाही. "मम्मी, ये," म्हणाली. तिनं मला स्वतःहून बोलावल्याची ही पहिली वेळ, आई. आणि ती तुम्ही मेल्यामुळे.

आज सकाळी मंडपवाले बांबू सोडून नेत होते. विनोदभाऊ गावी निघाले होते, त्यांनी स्वराला विचारलं, चलते का बाई, काकूही वाट पाहते. ती पायरीवर बसली होती. मी म्हटलं, ती माझ्याबरोबर येईल. क्वार्टर मिळालंय, शाळा पाहिली आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तुमच्यासारखंच पाहते, हनुवटी जरा वर करून.

"माय मेली म्हणून नेतेस का?"

विनोदभाऊ म्हणाले, असं बोलू नाही बाई. मी खोटं बोलणार होते. तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, "हो."

"माय असती तर नेलं असतं?"

"नाही."

 मंडपवाल्यांनी शेवटचा बांबू ट्रकमध्ये टाकला. "माय म्हणे," ती म्हणाली, "तुही मम्मी खोटं नाही बोलत. ती फक्त जाते."

हे तुम्ही तिला कधी सांगितलंत? कशा आवाजात? मला तिला विचारायचं होतं, पण ती पुढे बोलत होती.

"पुन्हा बाहेर जायसाठी नाव मागतलं, तर देशीन?"

"नाही देणार."

"हुकूम आला तर?"

"हुकूम आला तर जावं लागेल. तेव्हा तुला आधी सांगेन. तुझ्या तोंडावर सांगेन."

ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं, आता ती काकांच्या गाडीत जाऊन बसेल. ती परत आली तेव्हा तिच्या हातात गणिताची वही आणि पेन होता. मधलं पान उघडून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं.

"लिहून दे."

मी लिहिलं. मी स्वतःहून नाव देणार नाही. हुकूम आला तर न सांगता जाणार नाही. अक्षर वाकडं आलं. खाली सही केली, सवयीनं हुद्दाही घातला. तिनं वही उचलून दोन्ही ओळी बोट फिरवत वाचल्या, एकदा, दोनदा. विनोदभाऊ तोंड फिरवून डोळे पुसत होते. तिनं वही पुन्हा माझ्यापुढे धरली.

"तारीख टाक," ती म्हणाली.

मी टाकली. मग ती कपडे भरायला आत गेली.